वर्लाबाईंच्या तुरुंगातला नाश्ता

वर्लाबाई कुबिचेक जन्मल्या तुरुंगात. नव्या माणसाची ओळख झाली की हे वाक्य त्या आधी सांगायच्या आणि समोरच्याचा चेहरा कसा होतो ते मजेत बघत बसायच्या. खोटं काही नव्हतं त्यात. सीडर बेंड काउंटीचे शेरीफ तेव्हा त्यांचे वडील होते, आणि शेरीफने बायकापोरांसकट तुरुंगातच राहायचं अशी नेब्रास्कातल्या आमच्या भागाची जुनी रीत होती. वर कोठड्या, खाली शेरीफचं बिऱ्हाड आणि मध्ये एक लोखंडी दार. कैद्यांचा स्वयंपाक शेरीफच्या बायकोने करायचा. त्याचा वेगळा पगार नसे, तो लग्नातच धरलेला असे. वर्लाबाईंच्या वेळी डॉक्टर बर्फात अडकला, तेव्हा त्यांच्या आईची सुटका केली ती कुंपणाच्या तारा चोरल्याबद्दल आत बसलेल्या एका माणसाने. त्याने जन्मभर गाई-वासरं केली होती, त्यामुळे त्याचा हात बसलेला होता. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. शिक्षा मात्र त्याने पूर्ण भोगली, कारण वर्लाबाईंचे वडील नियमाला फार पक्के होते.

त्यांची आई अल्बिना हिचाही एक नियम होता, आणि तो वडिलांच्या सगळ्या नियमांपेक्षा पक्का होता. माझ्या दारातून कुणी उपाशी बाहेर जायचं नाही. शिक्षा संपलेल्या माणसाला ती कोठडीतून थेट आपल्या स्वयंपाकघरात आणायची, घरच्या टेबलाशी बसवायची आणि अंडी, सॉसेज, कॉफी, कोलाची असं सगळं पुढे ठेवायची. कोलाची हा आमच्या चेक आजी-पणजींचा गोड पाव. मधे अंगठ्याने खळगा करून त्यात जर्दाळू नाहीतर खसखस भरायची. एकच खाऊन उठलात तर करणारीचा अपमान होतो. दुसरी मागितलीत की तिचा मान राहतो. तिसरी मागणाऱ्याला अल्बिना जावई करून घ्यायला तयार असे, मग तो कशासाठी आत आला होता ते ती विचारत नसे.

पुढे वर्लाबाईंनी मक्याच्या शेतातल्या एका सरळ माणसाशी लग्न केलं, त्याला शेवटपर्यंत सुखात ठेवून पोहोचवलं आणि त्याच तुरुंगात नोकरी धरली. बिऱ्हाड गेलं, तिथे कंप्युटर आले. स्वयंपाकघर राहिलं, टेबल राहिलं, आईची निळ्या काठाची ताटली राहिली. वर्लाबाई दिवसपाळीच्या सार्जंट झाल्या आणि सुटकेचा नाश्ता त्यांनी चालूच ठेवला. तो कुठल्याही नियमात लिहिलेला नव्हता, आणि बंद करायची कुणाची छाती नव्हती. एकदा एकाची होणारी बायको बाहेर गाडीत बसून हॉर्न वाजवत होती, तर वर्लाबाईंनी तिलाही आत आणून टेबलाशी बसवली. एकजण मागच्या दाराने निसटला, तेव्हा घरातल्या सपाता घालून त्याच्यामागे धावल्या आणि पार्किंगमध्ये त्याच्या हातात पिशवी कोंबली. तो बिचारा हात वर करून उभा राहिला होता.

नाश्ता हळू चालायचा. रेडिओवर पोल्काची चेक नाचगाणी लागलेली असायची आणि वर्लाबाई आईच्या गोष्टी सांगत बसायच्या. त्या गोष्टींना शेवट असतो अशी अफवा होती, पण खात्री कुणी दिली नाही.

मग गावात डुकराच्या मांसाचा कारखाना मोठा झाला आणि कामाला ग्वाटेमालाच्या डोंगरांतून माणसं आली. शेतकऱ्यांची मुलं ओमाहा शहराकडे पळाली होती, तेव्हा रिकाम्या घरांत दिवे लागले, शाळा बंद पडायची वाचली, चर्चमध्ये दुपारची स्पॅनिश प्रार्थना सुरू झाली. आणि तुरुंगात परवान्याशिवाय गाडी चालवणारे वाढले, कारण त्यांना परवाना मिळत नाही आणि कारखान्यापर्यंत बस जात नाही. आत आलेल्या प्रत्येकाच्या बोटांचे ठसे घेतात. ते ठसे केंद्र सरकारच्या माणसं परत पाठवणाऱ्या खात्याकडे आपोआप जातात, आणि मग एखाद्याच्या नावाने तिकडून कागद येतो. शिक्षा संपली तरी याला धरून ठेवा, आम्ही न्यायला येतोय.

आमचा शेरीफ आता लॉयल तेसार. माणूस वाईट नाही, निवडणुकीचा आहे. गावातले निम्मे मतदार म्हणत होते, कागद आला की धरून ठेव. उरलेल्या निम्म्यांत कारखान्याचा मालक, शाळेचा हेडमास्तर आणि पाद्री होते. शिवाय काउंटीच्या वकिलाने सांगितलं होतं की न्यायाधीशाची सही नसलेल्या कागदावर माणूस डांबून ठेवलास तर खटला होईल. लॉयलने महिनाभर डोकं खाजवलं आणि एक तोडगा काढला. धरून ठेवायचं नाही. पण सुटकेच्या सकाळी त्या खात्याला फोन करायचा. ते वेळेवर पोचले तर त्यांचं नशीब, नाही पोचले तर कैद्याचं. दोन्ही बाजूंना हे सारखंच आवडलं नाही, त्यावरून लॉयलने ओळखलं की आपण बरोबर केलंय.

खात्याच्या माणसांना ओमाहाहून यायला वेळ लागतो. त्यात रस्त्याची कामं. तेव्हा खरं तर बहुतेक माणसं सुटून जायला हवी होती.

इलारियो म्हणून एक होता, कारखान्यात हाडं वेगळी करायचा. थंडीत त्याची शिक्षा संपली. वर्लाबाईंनी नियमाप्रमाणे फोन केला आणि रीतीप्रमाणे नाश्ता वाढला. त्याने दुसरी कोलाची मागितली, त्या खूश झाल्या, आईची गोष्ट सुरू केली. तो अधूनमधून दाराकडे बघत होता, पण उठणं त्याला बरं वाटेना. तिसरी त्याच्या हातात असताना खात्याची पांढरी गाडी आली. त्याला खुर्चीवरून उठवलं तेव्हा त्याच्या ओठाला खसखस लागलेली होती. त्याची बायको कांदेलारिया बाहेर उभी होती. तिने वर्लाबाईंकडे एकदाच पाहिलं, आणि त्यानंतर दुकानात, चर्चमध्ये, पोस्टात कुठेही पाहिलं नाही.

वर्लाबाईंनी काही वाईट केलं नव्हतं. हे त्यांना सगळ्यांनी सांगितलं, आणि त्याने त्यांना जास्तच वाईट वाटलं.

वसंतात मकारियो इश्कोय आत आला. दुसऱ्यांदा परवान्याशिवाय गाडी. गोल चेहऱ्याचा, हळू बोलणारा, प्रत्येकाला वाकून नमस्कार करणारा माणूस. त्याच्या बापाची गावी पाव भाजायची मातीची भट्टी होती, तेव्हा तुरुंगाच्या स्वयंपाकघरात मदतीला त्याला घेतलं. पहिल्या दिवशी वर्लाबाईंनी त्याला कोलाचीचं पीठ तिंबायला शिकवलं. दुसऱ्या दिवशी तो ते त्यांच्यापेक्षा बरं तिंबू लागला.

"अंगठा असा नाही, असा," वर्लाबाई म्हणायच्या.

"असा, दोन्या?" तो त्यांना मानाने दोन्या म्हणायचा.

"तसा नाही. हं. आता जमलं."

"आधीचाच होता, दोन्या."

"आगाऊपणा करू नकोस. माझ्या आईने तुला लाटण्याने बडवला असता."

"माझी आईही तेच वापरते," मकारियो म्हणाला, आणि दोघंही हसले. कोर्टातली माणसं जेवणाच्या सुट्टीत तुरुंगाच्या मागच्या दाराशी घुटमळायला लागली. न्यायाधीशबाईंनी एकदा विचारलं म्हणतात, या माणसाला मी जरा कमीच शिक्षा दिली का.

मकारियोच्याही नावाने कागद आला होता. त्याला त्याची प्रत दिली होती. त्याने ती घडी करून खिशात ठेवली आणि न्यायाधीशाची सही नाही हे वकिलाकडून समजून घेतल्यावर विषय सोडला. सकाळच्या फोनचं त्याला माहीत नव्हतं. खात्याच्या हालचाली कैद्यांना सांगायच्या नाहीत, अशी लॉयलची सक्त ताकीद होती, आणि वर्लाबाईंनी मान डोलावून शब्द दिला होता.

सुटकेच्या आदल्या दुपारी लॉयल स्वयंपाकघरात आला आणि उगाच फ्रिज उघडून बघू लागला.

"उद्या तो मकारियो सुटतोय."

"माहीत आहे मला. मीच सोडणार आहे."

"केंद्रवाल्यांना हा पाहिजे आहे. दोन वेळा हुकलेत ते आपल्याकडे, वरून बोलणी बसली. मी काय म्हणतो, तू वेगळं काही करू नकोस. नेहमीसारखं कर."

"नेहमीसारखं म्हणजे?"

"म्हणजे नेहमीसारखं." लॉयलने फ्रिज बंद केला. "फोन, कपडे, नाश्ता. तुझ्या आईची ती गोष्टही सांग. बदक विहिरीत पडल्याची."

वर्लाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. लॉयल शाळेत असताना सफरचंदं चोरून त्यांच्या वडिलांच्या हाती सापडला होता आणि तासभर कोठडीत बसला होता. अल्बिनाने त्यालाही खाऊ घालून घरी पाठवलं होतं. तो बदकाची गोष्ट पहिल्यांदा तेव्हा ऐकून गेला होता, आणि आता ती कशासाठी मागत होता.

सकाळी त्यांनी फोन केला. खात्याचा ब्रेंट म्हणून माणूस असायचा, बोलायला गोड.

"निघालोच आहोत, वर्लाबाई. पुलाजवळ रस्ता उकरलाय, जरा वेळ लागेल. पण तुमच्याकडे काळजी नाही. पोटभर खाऊ घाला त्याला, सावकाश. माझ्यासाठी जर्दाळूची एक ठेवा."

फोन ठेवून वर्लाबाई खुर्चीत बसल्या. आईचा नाश्ता आता सरकारी कामाचा भाग झाला होता. एवढी वर्षं माणूस धरून ठेवायला भिंती लागायच्या, आता गोड पाव पुरत होता. संताप संताप झाला त्यांचा. मग त्यांनी वडिलांसारखा विचार केला, एकेक नियम घेऊन. फोन करायचा, तो केला. खात्याबद्दल बोलायचं नाही, ते बोलणार नव्हत्या. शिक्षा संपलेल्या माणसाला सोडायचं, ते सोडणार होत्या. नाश्ता कुठेही लिहिलेला नव्हता. तो त्यांचा होता, आणि आपली गोष्ट द्यायची की नाही हे आपल्या हातात असतं.

एवढं ठरवून त्या स्वयंपाकघरात आल्या आणि बघतात तर मकारियोने टेबल मांडलेलं. निळ्या काठाच्या ताटलीत जर्दाळूच्या कोलाच्या, वरून दालचिनी, अजून वाफ येत होती. पोल्का चालू होती. स्वतःचे कपडे घालून, वर ॲप्रन बांधून तो इलारियोच्या खुर्चीमागे उभा होता.

"बसा, दोन्या. आज तुम्ही बसायचं आणि मी वाढायचं."

"बसायला वेळ नाही. पट्टा मिळाला? फोन मिळाला?"

"सगळं मिळालं. कॉफी ओतू?"

"नको. तूही पिऊ नकोस. चल, निघ."

"उपाशी?" मकारियो हसला. त्याला वाटलं बाई चेष्टा करतायत. "तुमच्या घरातून? तुम्हीच सांगता, आईने काय सांगितलं होतं."

"आई मेली माझी. चल."

"मग तिच्यासाठी एक." आणि तो आरामात खुर्चीवर बसला. त्याच्या मुलखात माणूस दारात आला तर पाणी दिल्याशिवाय सोडत नाहीत, आणि दिलेलं नाकारून उठणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार आपटणं. तो काही उठणार नव्हता. अशा माणसाला उठवायचा एकच मार्ग असतो, आणि वर्लाबाईंनी तो जन्मात कधी वापरला नव्हता.

त्यांनी ताटलीतली एक कोलाची उचलली आणि टेबलावर आपटली. आवाज आला नाही, कारण ती मऊ होती.

"दगड आहेत दगड," वर्लाबाई म्हणाल्या. "माझ्या आईच्या ताटलीत असलं काही ठेवतात का?"

मकारियोचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातलं हसणं गेलं. "काल तुम्हीच म्हणालात, पीठ छान आलंय."

"काल मला सर्दी झाली होती. पीठ तिंबायची अक्कल नाही आणि निघाला मला खाऊ घालायला. माझ्या टेबलावर कुणी हे खाणार नाही. ऊठ."

तो उठला. ॲप्रन सोडला, नीट घडी घातली आणि खुंटीवर अडकवला. कान लाल झाले होते. दाराशी जाऊन त्याने मागे वळून पाहिलं.

"एक मुलीसाठी नेऊ? तिला मी सांगितलं होतं."

"नको," वर्लाबाई म्हणाल्या. एक जरी हातात दिली असती तर त्यांचा चेहरा फुटला असता आणि तो परत येऊन बसला असता. "जा म्हणते ना. आणि मागच्या दाराने जा, तुझी बायको तिकडे गाडी घेऊन थांबलीय. धुळीच्या रस्त्याने जा म्हणावं, हायवेला फार गर्दी असते."

हायवेला सीडर बेंडजवळ गर्दी झाल्याचं आजतागायत कुणी ऐकलेलं नाही. पण मकारियोला तेवढ्यात विचार करायला सुचलं नाही. लोखंडी दार उघडलं, एका जुन्या पिकअपचं इंजिन खोकलं, आणि आवाज मक्याच्या शेतांकडे लांब लांब गेला. अल्बिनाच्या दारातून उपाशी गेलेला तो पहिला माणूस. वर्लाबाई टेबलाला धरून उभ्या राहिल्या.

थोड्या वेळाने पांढरी गाडी आली. ब्रेंट हात चोळत आत शिरला. "कुठाय आपला पाहुणा?"

"गेला."

"खाऊन?"

"न खाता."

ब्रेंटने त्यांच्याकडे पाहिलं, ताटलीकडे पाहिलं, रेडिओकडे पाहिलं. "वर्लाबाई, तुम्ही माणसाला न खाता पाठवलंत?"

"आज त्याची सुटका होती. मी सोडला."

तेवढ्यात लॉयल आला. त्याचा चेहरा आधीच पडलेला होता. "वर्ला, तुला मी नेहमीसारखं कर म्हणालो होतो."

"फोन केला, कपडे दिले, सोडला. नाश्ता कुठल्या नियमात लिहिलाय ते दाखव. मी उद्यापासून सगळ्यांना दोनदा वाढीन."

नाश्ता नियमात लिहायचा तर त्याचं बिलही काउंटीच्या सभेपुढे न्यावं लागेल, हे लॉयलच्या लक्षात आलं असावं. शिवाय सगळं नियमाप्रमाणे झालं होतं, तेव्हा निम्मे मतदार त्याला काही म्हणू शकत नव्हते आणि उरलेले निम्मे खूश होणार होते. त्याने एक कोलाची उचलली. ब्रेंटने तोवर दोन संपवल्या होत्या.

"बाई, अशी मी तुमच्याकडेही कधी खाल्ली नाही. काय घातलंय यात?"

"मला काय माहीत. मकारियोने केल्यात त्या."

ब्रेंटचं चावणं थांबलं. मग त्याने हातातली संपवली, कारण अर्धी टाकून देणंही बरं दिसलं नसतं. "बघू," तो उठताना म्हणाला. "पुन्हा कधीतरी." ते त्याने कुरकुर न करता म्हटलं, आणि वर्लाबाईंना ठाऊक होतं की तो खरंच बघणार आहे, आज नाही तर आणखी एखाद्या दिवशी, आणखी कुठल्यातरी दारात.

दोघं गेल्यावर ताटलीत एकच उरली होती. वर्लाबाईंनी ती खाल्ली. आईच्या हातापेक्षा चांगली झाली होती. त्यांनी आईची मनातल्या मनात माफी मागितली आणि मग दुसरी घ्यायला हात पुढे केला, तर ताटली रिकामी. तेव्हा मात्र त्यांना रडू आलं. मुलीसाठी एक नेऊ का म्हणाला होता.

रविवारी वर्लाबाई सकाळच्या प्रार्थनेला गेल्या नाहीत, दुपारच्या स्पॅनिश प्रार्थनेला गेल्या. एक शब्द कळला नाही, पण कुठे उठायचं आणि कुठे गुडघे टेकायचे ते सगळीकडे सारखंच. नंतर सगळे चर्चच्या तळघरात कॉफीला उतरले, त्याही उतरल्या. त्या जिन्यावर दिसल्या आणि तळघरातलं बोलणं खाली खाली येत थांबलं. नाश्तावाली बाई, असं कुणीतरी हळू म्हणालं. ते मात्र त्यांना कळलं.

लांब टेबलामागे मकारियो उभा होता, पुढे परात, त्यात जर्दाळूच्या कोलाच्या. वर्लाबाई रांगेत लागल्या. त्यांचा नंबर आला तेव्हा त्याने न हसता एक कोलाची कागदी ताटलीत ठेवली. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या खाल्ली, शेवटच्या कणापर्यंत. मागची रांग थांबून बघत होती.

"कशी आहे?" मकारियोने विचारलं.

"दगड."

"मग?"

"अजून एक दे."

मकारियोने परातीतली दुसरी उचलली. "त्या दिवशी माझा चुलतभाऊ पेट्रोलपंपावर होता," तो हळूच म्हणाला. "पांढरी गाडी तुमच्याकडे वळताना दिसली त्याला. आम्ही तेव्हा शेतांतून अर्ध्या वाटेवर होतो." त्याने दुसरी ठेवली, आणि न मागता तिसरीही. "बसा, दोन्या. इथून कुणी उपाशी जात नाही."

तळघरात एकच खुर्ची मोकळी होती, कांदेलारियाच्या शेजारची, आणि तिच्यावर तिची पर्स होती. वर्लाबाई ताटली हातात धरून तिच्यासमोर उभ्या राहिल्या. कांदेलारियाने बराच वेळ ताटलीकडे पाहिलं. मग पर्स उचलून मांडीवर घेतली.